बिनपगारी रजा

"वहिनी, साहेबांच्या टेबलावरची काच तडकलीय," माझ्या नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातले शिपाईदादा म्हणाले. "त्यांना म्हणावं, काळजी करू नका. एक तारखेला हजर व्हायच्या आत मी नवीन बसवून घेतो." आम्ही दातांच्या सामानाच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभे होतो. दुपारचे बारा वाजले असतील. मी नुकतीच दुकानातून बाहेर पडले होते आणि कृत्रिम दातांचे संच, हिरड्यांसाठीच्या गुलाबी पावडरीचे दोन डबे आणि मेणाच्या पट्ट्या पिशवीत नीट बसल्यात का ते चाचपत होते. दर तीन महिन्यांनी एवढ्यासाठी सहा तासांचा प्रवास करून मी शहरात यायचे. मी म्हणाले, "बरं." असं, की जणू काचेचं मला सगळं ठाऊकच आहे. शिपाईदादा खुशीत होते. "दोन वर्षं कशी गेली बघा. बिनपगारी रजेवर गेलेला माणूस परत येत नाही, असं आमच्यात सगळे म्हणायचे. मी म्हटलं, हे साहेब येणार. रोज खुर्ची पुसत होतो मी." मग पिशवीकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही आधीच आलात वाटतं सामान घेऊन?" मी म्हणाले, "नाही, आज फक्त खरेदीला." साहेबांना नमस्कार सांगायला सांगून ते रस्ता ओलांडून गेले. मी तिथेच उभी. दुकानदाराने आतून विचारलं, काही राहिलं का, तेव्हा मी परत आत गेले आणि गरज नसताना पॉलिशच्या पावडरीचा एक पुडा घेतला.

माझ्या नवऱ्याने राजीनामा दिला होता. म्हणजे दोन वर्षं मी तसं समजत होते. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचा आणि मी चार गल्ल्या पलीकडे एका लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. लोकांना वाटतं, कवळ्या दाताचे डॉक्टर बनवतात. डॉक्टर माप घेतात. बनवतं ते मागच्या खोलीत दिव्याखाली बसलेलं माणूस, ज्याने ते तोंड कधी बघितलेलंही नसतं. सतरा वर्षं मी तशी बसले. ते काम मला आवडायचं. मेणात एकेक दात बसवत गेलं की प्लास्टरच्या बोळक्याला हळूहळू कुणाचा तरी चेहरा यायला लागतो, तो क्षण मला दर वेळी नवा वाटायचा. पण हे मी घरी कधी बोलले नाही. आमच्या घरी नोकरीला वैतागणं हे मोठ्या माणसाचं लक्षण होतं आणि तो मान त्याच्याकडे होता. त्याला ऑफिस नको होतं, जिन्यातला वास नको होता, खिडकीसमोरची भिंत नको होती. "आपण लांब कुठेतरी जाऊ, रोपवाटिका काढू," हे तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होता. मूल झालं नाही. मग हे वाक्यच घरात मोठं होत गेलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि राजीनाम्याचा तो दिवस पहिल्यापासून पुन्हा तपासायला लागले, कवळी कुठे टोचते ते शोधताना बोट फिरवतात तसा. दोघांनी एकाच दिवशी राजीनामे द्यायचे ठरलं होतं. कल्पना त्याचीच. "एकाने आधी दिला की दुसऱ्याचा पाय मागे येतो," असं तो म्हणाला होता. सकाळी दोघं दोन पाकिटं घेऊन निघालो. त्याचं शर्टाच्या खिशात होतं, माझं पर्समध्ये. लॅबच्या मालकांनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सहा महिने तुझी जागा रिकामी ठेवतो. कुणाला बोलू नकोस. नाही जमलं तर सरळ ये." मी नको म्हणाले. त्यांना वाटलं मी संकोचाने म्हणतेय, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नको म्हणाले. मला वाटलं, जागा राखून गेले तर मी नवऱ्याबरोबर अर्धीच गेले असं होईल. संध्याकाळी चहाच्या दुकानात भेटलो. तो आधीच येऊन बसला होता. "सुटलो," म्हणाला. मी त्याला मालकांचं सगळं सांगितलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस. आता आपले परतीचे दोर कापले." रजा मंजूर झाल्याचा कागद तेव्हा त्याच्या खिशात होता, की ऑफिसातल्या कपाटात होता, की अजून टाइप व्हायचा होता, यावर मी बसमध्ये निदान तासभर विचार केला. जणू ते कळल्याने काही फरक पडणार होता.

शेजारच्या बाईने पाणी देऊ का विचारलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असावं. मी पाणी प्याले. बाहेर घरं विरळ व्हायला लागली होती. पहिल्यांदा इकडे आलो तेव्हाही याच बाजूला बसले होते आणि तो मला एकेक झाड नावानिशी सांगत होता. गाव म्हणजे सत्तर-ऐंशी घरं, एक शाळा, एक आरोग्य केंद्र आणि दिवसातून दोन बस. घरमालकीणबाई एकटीच राहणारी, साठीची. तिने दोन खोल्या दिल्या आणि मागची पट्टीएवढी जमीन दिली, कोपऱ्यात पत्र्याची शेड. पहिल्या दिवशीच तिने सांगितलं, "मावशी म्हणा. बाई म्हटलं की मला मास्तरीण झाल्यासारखं वाटतं." नवऱ्याने वाफे आखले, ते नकाशाच्या माणसाने आखावेत तसे, दोरी लावून. रोपं छान आली. मेली असती तर बरं, निदान कारण तरी सांगता आलं असतं. रोपं जोमात होती, पण घेणारं कुणी नव्हतं. इथे कुणाला फणस लावायचा असला तर तो शेजाऱ्याच्या कुंपणातून रोप उपटून आणायचा आणि शेजारी वर चहा पाजायचा. झाड विकत घ्यायचं असतं हे या लोकांना शिकवायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो. पहिलं वर्ष तो हसून सांगायचा हे. दुसऱ्या वर्षी सांगेनासा झाला.

माझं काम सुरू झालं ते मात्र अपघाताने. निघताना मी माझी हत्यारांची पेटी आणि थोडं उरलेलं सामान आठवण म्हणून घेतलं होतं. मावशीच्या ओळखीतले एक म्हातारे पोस्टमन कवळीचे दोन तुकडे रुमालात बांधून आले. मधे त्यांनी ती तारेने बांधून वापरली होती आणि तारेने जीभ सोलली होती. मी ओट्यावर बसून ती सांधली. त्यांनी तोंडात घातली, दात दोनदा वाजवले, आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचं पूर्ण नाव उच्चारलं. आठवडाभरात आणखी चौघं आले. मोठ्या गावातले दाताचे डॉक्टर दर मंगळवारी आरोग्य केंद्रात यायचे, त्यांच्या कानावर गेलं. त्यांच्या कवळ्या शहरातून बनून यायला दोन-दोन महिने लागायचे आणि तोवर लोक डाळीच्या पाण्यावर. ते मला म्हणाले, "मॅडम, मापं मी घेतो, बनवा तुम्ही. आणि बसवताना समोर राहा." सतरा वर्षांत पहिल्यांदा मी, ज्यांच्यासाठी दात लावत होते ती तोंडं बघितली. कुणाचा ओठ एका बाजूला खाली, कुणी हसताना हात आडवा धरणारं. घर माझ्या कामावर चालायला लागलं, पण आम्ही दोघंही ते तसं म्हणायचो नाही. "रोपवाटिका जरा स्थिरावेपर्यंत," असं म्हणायचो. लोक मला दातवाल्या ताई म्हणायला लागले आणि त्याला दातवाल्या ताईंचे मिस्टर. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मोठ्याने हसला होता. जरा जास्तच वेळ हसला, हे मला बसमध्ये आठवलं.

आणि ते बाक. शेडमध्ये मला कामाला उंच बाक हवं होतं. त्याने ते स्वतः केलं, चार दिवस खपून. मला उभं केलं, मग बसवलं, माझ्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला, मग शंका आली म्हणून पुन्हा लावला. कडेला त्याने लाकडाची पट्टी ठोकली, दात घरंगळू नयेत म्हणून. लॅबमध्ये सतरा वर्षं ज्या बाकामुळे माझी मान दुखायची त्यापेक्षा हे दहापट चांगलं होतं. हे मागच्या वर्षीचं. म्हणजे रजेचं एक वर्ष झालं होतं आणि एक उरलं होतं. टेप धरताना त्याच्या मनात काय असेल, याचा मी अंदाज लावत राहिले. माझ्यासाठी करत होता, की माझी सोय लावत होता? या दोन गोष्टींत फरक आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं. त्याचे ऑफिसचे बूट कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेले असायचे, आणि वर्तमानपत्र दर थोड्या दिवसांनी नवं असायचं. मी त्याला टापटिपीचा म्हणत आले. महिन्यातून एकदा तो रोपांच्या पिशव्या आणायला मोठ्या गावी जायचा आणि पिशव्या तर शेडमध्ये ढिगाने पडल्या होत्या. डोळ्यांसमोर सगळं होतं. मी काही आंधळी नव्हते, मी बायको होते.

संध्याकाळी सातला उतरले. तो मागे वाफ्यांना पाणी देत होता. मी पिशवी बाकावर ठेवून त्याच्याजवळ गेले.

"तुझ्या टेबलाची काच तडकलीय," मी म्हणाले.

तो वळला. पाइपातलं पाणी त्याच्या पायावर पडत राहिलं. कुठलं टेबल, असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "कोण भेटलं?"

त्या दोन शब्दांपर्यंत माझ्या मनात थोडी जागा होती, शिपाईदादांची काही गफलत झाली असेल अशी. ती तिथे संपली. मी नाव सांगितलं. तो नळ बंद करून आला, हात पुसले आणि म्हणाला, "मी आज-उद्या सांगणारच होतो."

"दोन वर्षांचं आज-उद्या?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले."

"मग?" तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की यात त्याचं उत्तर झालं. "आणि नीट विचार कर. दोघांनी उडी मारायची, दोघांनी बुडायचं, यात कसला शहाणपणा? एकाने तरी काठावर पाय ठेवायला नको?"

"काठावर मला का नाही ठेवलंस?"

त्याने पाइप गुंडाळायला घेतला. मग त्याने जे म्हटलं ते त्याने समजुतीच्या सुरात म्हटलं, आणि म्हणूनच ते इतकं लागलं. "तू कुठे बुडालीस? तुझं तर बरं चाललंय. बुडालो मी. रोज सकाळी उठून मी या रोपांसमोर उभा राहतो आणि ती माझ्याकडे बघतात." पाइप खाली ठेवून तो म्हणाला, "चल ना आता. तुझ्या लॅबच्या मालकांशी बोललोय मी. ते घेतील तुला परत."

"कधी बोललास?"

"मागच्या महिन्यात."

"आणि हे घर?"

"मावशींना सांगून ठेवलंय. महिनाभर झाला. त्या शाळेत नवीन शिक्षिका येतेय, तिला त्या खोल्या देणार आहेत."

मावशी रोज दुपारी शेडमध्ये यायची. मी काम करायचे आणि ती स्टुलावर बसून गावातल्या एकेकाच्या तोंडाचा इतिहास सांगायची, हा दात कुणाच्या भांडणात पडला, तो कुठल्या बाळंतपणात. तिचे स्वतःचे शेवटचे चार दात डॉक्टरांनी नुकतेच काढले होते आणि तिची कवळी मीच करणार होते. "माझ्या पुढच्या दोघांत जरा फट ठेव हं," तिने मला सांगितलं होतं. "होतीच मुळात. नाहीतर लोक म्हणतील दुसरीच कुणी आली." हे सांगितलं तेव्हा तिला माहीत होतं. मी पुढच्या थंडीत शेडला खिडकी काढायचं बोलत होते तेव्हाही ती हं हं करत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "मी इथेच राहणार आहे. मला खोल्या हव्यात." ती तांदूळ निवडत बसली होती. हात थांबले नाहीत. "शिक्षिकाबाईंना शब्द दिलाय गं," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "शेड काही कुणाला दिलेली नाही." मग सूपाकडे बघत, "मला वाटलं तुला माहीत असेल. मग वाटलं, नसेल तर नवरा-बायकोच्या मधे मी कशाला?" यावर बोलण्यासारखं बरंच होतं. मी शेड झाडायला घेतली.

मी राहणार हे मी बोलून गेले होते, ठरवलं नव्हतं. अजूनही ठरवलंय असं म्हणवत नाही. सात माणसांची मापं घेऊन झाली होती; साती जणांची प्लास्टरची तोंडं बाकावर ओळीने उघडी पडली होती, आणि त्यांची खरी तोंडं घरोघरी मिटलेली होती. त्यांना काय सांगायचं, माझ्या मिस्टरांची रजा संपली? पण हे कारणही पूर्ण खरं नाही. शहरात परत गेले असते तर मी त्याच्या रजेच्या कागदावर परत गेले असते, माझ्या नावाचा त्यात एक शब्दही नसताना. आणि राहिले तर राहणार होते त्याच्या स्वप्नात. लांब कुठेतरी जायचं मला कधीच नव्हतं. मला दिव्याखाली बसून दात लावायला आवडायचं, ते मी तिथेही लावत होते. त्याला जे हवं होतं ते माझ्या गळ्यात घालून तो मोकळा झाला होता. वाफे, पत्रा, दिवसातून दोन बस. या जागेवर माझं प्रेम बसलं होतं आणि त्या प्रेमालाच फसवणुकीचा वास यायला लागला होता. शेजारची कुणी हसून बोलली की वाटायचं, हिला कधीपासून माहीत होतं?

उरलेल्या अकरा दिवसांत आम्ही मोठं भांडण केलं नाही. बारीकसारीक खूप केली. साबण, टॉवेल, दाराची कडी. त्याने रोपं शाळेला देऊन टाकली, मुलं येऊन दोन्ही हातांत एकेक पिशवी घेऊन गेली. शनिवारी मी माझी खाट शेडमध्ये न्यायला काढली. एकटीने ओढत होते, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने ती उचलली गेली. त्याने टोक धरलं होतं. "जरा डावीकडे," तो म्हणाला, "चौकटीला लागेल." आम्ही ती बाकाशेजारी ठेवली. एका पायाखाली जमीन खचली होती, म्हणून त्याने बाहेरून चपटा दगड शोधून आणला, खाली सरकवला, हात दाबून हलत नाही ना बघितलं. मग तिथेच बसला. "तू माझ्याबरोबर येशील असंच मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "खरंच." मला ते खरं वाटलं. त्यानेच जास्त वाईट वाटलं. त्याने मला सोडून जायचं ठरवलंच नव्हतं. माझ्या बाजूने काही ठरण्यासारखं असतं, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "खाट चांगली बसली," मी म्हणाले.

एक तारीख बुधवारी होती, म्हणून तो मंगळवारी सकाळच्या बसने निघणार होता. मंगळवार म्हणजे डॉक्टरांचा दिवस. मी नऊला आवरून निघाले तेव्हा तो दारात बॅगेचा पट्टा आवळत होता. "पोचलो की फोन करतो," तो म्हणाला. "कर," मी म्हणाले. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. जरा पुढे गेल्यावर मला वाटलं मागे बघावं. समोरून पोस्टमन येत होते, दात दाखवून हसत होते, त्यामुळे मला त्यांच्याकडे बघावं लागलं.

आरोग्य केंद्रात पहिला नंबर मावशीचा होता. अकरा दिवस ती शेडकडे फिरकली नव्हती, पण कवळीची तारीख तिने चुकवली नाही. खुर्चीत मान टेकून बसली, पदर नीट केला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलीस?" डॉक्टरांनी मापाची लगदी कालवली, साचा भरून तिच्या वरच्या हिरडीवर दाबून बसवला आणि मला म्हणाले, "मॅडम, धरा जरा. मी पुढच्या पेशंटला बघतो." ही लगदी घट्ट होईपर्यंत साचा हलता कामा नये, आणि तोवर माणसाला बोलता येत नाही, गिळायचीही भीती वाटते. मी एका हाताने साचा आणि दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली. "नाकाने श्वास घ्या," मी म्हणाले. खिडकीतून रस्ता दिसत होता. बस आली, वळणावर हॉर्न वाजवला, थांबली, आणि निघून गेली. मावशीचे डोळे बसबरोबर खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि मग माझ्यावर आले.

"मावशी," मी विचारलं, "त्याने तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलं ना?"

तिला मान हलवता येईना. मांडीवरचा हात तिने थोडा उचलला, तसाच धरला, आणि मग बोटं उघडली. एक नाही. चार. चार महिने. माझ्या मनात त्या दुपारी एकामागून एक सरकायला लागल्या, स्टूल, तिचं बोलणं, तिचं हं हं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे माप घेताना बहुतेकांना येतं. लगदी घट्ट व्हायला दीडशे आकडे पुरतात. मी मनातल्या मनात मोजत होते. दीडशे झाले. बोटाने कडेची लगदी दाबून बघितली, घट्ट झाली होती. काढला असता साचा, तर ती बोलली असती. काय बोलली असती ते तिच्या डोळ्यांत दिसतच होतं, आणि ते ऐकलं असतं तर मी तिला 'बरं' म्हणाले असते.

"झालं का मॅडम?" डॉक्टरांनी पडद्यापलीकडून विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले, आणि तिची हनुवटी धरून एकशे एक्कावन्नपासून पुढे मोजायला लागले.